गोव्यातल्या माणसाने जानेवारीत एकट्याने आणि कमी पैशात युरोप फिरणं शक्य आहे का?

शक्य आहे, तू म्हणतोस त्या दीड लाखातही. आणि "हिवाळ्यात तिकडे काही बघायला मिळत नाही, मे महिन्यात ग्रुप टूरने जा" असं तुला ज्यांनी सांगितलंय त्यांना एवढंच विचार की तुम्ही स्वतः जानेवारीत तिकडे कधी गेला होता. मी इथे एरवी नुसती वाचते, लिहीत नाही, पण असं सांगणारं एक माणूस आमच्या घरातच आहे त्यामुळे राहवलं नाही.

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, क्रूझ शिपवर आहेत. गोंयकारांना वेगळं सांगायला नको, प्रत्येक वाड्यावर एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच आणि तो सुट्टीवर आला की जगातल्या कुठल्याही गावाबद्दल शेवटचा शब्द त्याचा. बार्सेलोना, नेपल्स, दुब्रोव्निक ही नावं भावजी अशी घेतात जसे आपण म्हापसा, डिचोली, साखळी म्हणतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे जमलेले असताना मी जेवता जेवता सांगितलं की जानेवारीत एकटी युरोपला जाणार आहे, सॅक घेऊन, हॉस्टेलात राहून. भावजींनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "थंय थंडयेंत मरपाक वता काय कितें?" (तिकडे थंडीत मरायला जातेस की काय?) झालं. आई तेव्हापासून जी घाबरली ती मी परत येईपर्यंत. मला त्या मरायच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही, "आम्ही बघितलाय ना युरोप" हे जे त्यांनी वर जोडलं ते लागलं.

जानेवारीच का, तर मी पर्वरीला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. मार्च एंडला जी सुरुवात होते ती ३१ डिसेंबरपर्यंत एकामागून एक ड्यू डेट, साहेब खुल्या मनाने रजा देतात ती जानेवारीतच. आणि खरं सांगायचं तर तिकडचे दरसुद्धा तेव्हाच उतरतात. ख्रिसमस आणि नवीन वर्षाला तिकडे सगळं महाग, पण ६ जानेवारीला आपल्याकडे रेइश मागुश आणि चांदरला तीन राजांचं फेस्त असतं ना, तोच दिवस स्पेनमध्येही मोठा सण, तो एकदा उरकला की हॉस्टेलं रिकामी पडतात आणि जो बेड जुलैत ३५-४० युरोला जातो तो १५ ला मिळतो.

व्हिसाचं तुला माहीत असेलच, शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी ९० युरो झालीय २०२४ पासून, ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीतच आहे म्हणून पोर्तुगालचा व्हिसा काढून सगळे दिवस दुसरीकडे काढायचे असले उद्योग मात्र करू नको, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो. मी खरंच पोर्तुगालात जास्त राहणार होते, त्यामुळे मला प्रश्न नव्हता.

आता थंडीचं. तू लिहिलंयस की वीस अंशांच्या खाली पारा गेला की तू पंखा बंद करतोस, मग तिकडे उणे पाचमध्ये काय होणार. ऐक, मला सगळ्यात जास्त थंडी कुठे वाजली माहितेय? पोर्तुगालातल्या पोर्तोला. बाहेर दिवसा बारा-तेरा अंश, म्हणजे युरोपच्या मानाने काहीच नाही, पण पाऊस. सारखा. आणि आपल्याला पावसाचं काय कौतुक, असं म्हणत मी दौरो नदीच्या काठाने फिरले, तो लोखंडी पूल आहे ना दों लुईश, १८८६ चा, त्याच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि बाजूने माणसं चालतात, तिथे वारा असा की छत्री धरणं म्हणजे स्वतःचा पोपट करून घेणं. साओ बेंतो स्टेशनात जाऊन बसले, तिथल्या भिंतींवर निळ्या अझुलेजोच्या जवळजवळ २०,००० टाइल्स आहेत, फुकट बघायला मिळतात, आणि बाकावर कोणी उठवत नाही. तोपर्यंत सगळं मजेत. खरी थंडी हॉस्टेलवर आल्यावर. जुनी दगडी इमारत, खाली फरशी, हीटिंग म्हणजे एक छोटा इलेक्ट्रिक हीटर तोही रात्री बंद. तिकडची बरीचशी घरं अशीच, नंतर वाचलं की घर पुरेसं गरम ठेवायला न परवडणाऱ्यांचं प्रमाण २०२३ मध्ये सगळ्या युरोपियन युनियनमध्ये पोर्तुगाल आणि स्पेनमध्येच सर्वांत जास्त होतं, २० टक्क्यांच्या वर. माझे मोजे बेडच्या दांड्यावर वाळत घातलेले, ते सकाळी जास्तच ओले वाटायचे. मी जॅकेट घालून, कानटोपी घालून झोपत होते. रिसेप्शनवरच्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणून दिलं, आपण पाठ शेकायला वापरतो तसली, वर विणलेलं लाल कव्हर. ती पोटाशी धरून पडले तेव्हा कुठे दातांची कडकड थांबली.

आणि नेमका त्याच रात्री भावजींचा व्हिडिओ कॉल. मी किचनमध्ये होते, तारल्यांचा डबा फोडून भातावर घालत होते (सुपरमार्केटात स्वस्तात मिळतो, घरून मिरची पूड आणि चार सोलां (कोकमं) न्यायची, मस्त होतं). माझी कानटोपी आणि लाल नाक बघून ते जे हसायला लागले, "सांगितलं होतं ना, चांगलं हॉटेल कर, पैसे मी पाठवतो, ताईला सांगू नको." हे पैसे पाठवतो म्हणणं प्रेमाचं होतं हे कळतं मला, पण ते घेतले असते तर पुढची वीस वर्षं प्रत्येक चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगतो ना, ती) बसून ते ऐकावं लागलं असतं. तर मी फोन जरा नीट बघितला. भावजींच्या अंगात हाफ शर्ट, कपाळावर घाम, मागे लख्ख ऊन. मी विचारलं, "भावजी, तुम्ही आत्ता कुठे?" म्हणे सेंट मार्टिन. कॅरिबियन. म्हटलं युरोपातून कधी निघालात, तर म्हणे नोव्हेंबरात, दरवर्षी तसंच असतं, थंडी सुरू झाली की कंपनी शिप तिकडून काढून इकडे आणते, परत एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रात. म्हणजे बघ, इतकी वर्षं आम्हाला युरोपचा हिवाळा सांगणाऱ्या माणसाने युरोपात हिवाळा एकदाही काढलेला नव्हता! उन्हाळ्यात बंदराला लागायचं, चार तास सुट्टी मिळाली तर बंदराजवळ फुकट वायफाय शोधायचं आणि परत ड्युटी. त्यात त्यांचा काही दोष नाही, बारा-बारा तास राबतात ते. पण मग "बघितलाय" म्हणू नये. मी हे सगळं फोनवर बोलले, ते "तरीपण" म्हणाले, आणि नेटवर्क गेलं. (गेलं की घालवलं ते देव जाणे.)

पोर्तोहून स्वस्त विमानाने बुडापेस्टला गेले. तिथे उणे सहा. आणि तिथे मला थंडी वाजलीच नाही म्हटलं तर खोटं वाटेल, पण प्रत्येक खोलीत खिडकीखाली रेडिएटर, हॉस्टेलात लोक हाफ पँटवर फिरतायत, मोजे रात्री टाकले की सकाळी पापडासारखे कडक. सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदात गेले, १९१३ ची इमारत, हौद उघड्यावर, पाणी ३८ अंश, डोक्यावर बर्फ भुरभुरतोय, आणि केसांची टोकं गोठून काड्या झालेल्या. ते तिकीट स्वस्त नाही, पण त्या दिवशी दोन वेळ सूप-पाववर भागवलं आणि गेले. तिथल्या मेट्रोची एम-वन लाइन १८९६ ची आहे, थेट दारात सोडते. फोटो भावजींना पाठवला. अंगठा आला फक्त.

म्हणून सांगते, तापमान बघून जागा ठरवू नको, हीटिंग बघून ठरव. बुकिंग करताना लिस्बन, पोर्तो, सेविल अशा "उबदार" गावांच्या हॉस्टेलांचे जानेवारी-फेब्रुवारीतले रिव्ह्यू वाच, उन्हाळ्यातले नको, आणि त्यात 'कोल्ड' शब्द दिसला की पुढचं हॉस्टेल. प्राग, बुडापेस्ट, क्राकोव्हला हा प्रश्नच येत नाही.

एकट्याला खरा त्रास देतो तो अंधार. मध्य युरोपात जानेवारीत साडेचार वाजता दिवे लागतात, आणि खिशात मोजके पैसे असताना साडेचार ते दहा करायचं काय हा प्रश्न रोज येतो, कॅफेत बसावं तर दर तासाला काहीतरी मागवावं लागतं. त्यामुळे मोठं किचन आणि बसायला हॉल असलेलंच हॉस्टेल घे, दोन युरो जास्त गेले तरी चालतील. म्युझियम संध्याकाळी ठेव, दिवसाचा उजेड पायी फिरण्यात घालव. माद्रिदचं प्रादो रोज शेवटचे दोन तास फुकट असतं, सोमवार ते शनिवार ६ ते ८, रविवारी ५ ते ७. आणि रात्रीच्या बसने प्रवास करून एक रात्र वाचवायची आयडिया सगळे देतात, ती उन्हाळ्यातली आयडिया आहे. पहाटे पाचला बस सोडते, माद्रिदला जानेवारीत सूर्य साडेआठला उगवतो, तोपर्यंत काळोखात बाकावर कुडकुडत बसायचं आणि हॉस्टेल तुला दुपारी दोनच्या आधी बेड देत नाही. वाचलेले पंधरा युरो दिवसभर कॉफीत जातात. दिवसाची बस घे, खिडकीतून देश तरी दिसतो.

तू दीड लाखाचं विचारलं होतंस. युरो आता शंभर रुपयांच्या वर गेलाय. मुंबईहून परतीचं तिकीट वेळेवर काढलंस तर पन्नास हजारांच्या आसपास, व्हिसा-इन्शुरन्स-कागदपत्रं मिळून चौदा-पंधरा हजार धर, राहिलेल्यात दिवसाला ४५ युरोने सतरा-अठरा दिवस निघतील, खायला स्वतः शिजवलंस तर. महिना होणार नाही, कोणी काही म्हणो. पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड यात बसत नाही, तेही कोणी काही म्हणो. दोन देश, फार तर तीन.

आणखी, घाईत लिहितेय: स्वस्त विमान कंपन्या फुकटात फक्त सीटखाली मावेल एवढी बॅग नेऊ देतात, म्हणून जड जॅकेट आणि बूट अंगावर घालूनच चढायचं. रायनएअरसारख्या कंपन्यांत भारतीय पासपोर्टवाल्याने आधी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायची असतात, थेट सिक्युरिटीला गेलास तर परत पाठवतात. आतून कॉटनचं बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गारठा हाडात जातो, थर्मल घे. जॅकेट इथून महागातलं घेऊ नको, गोव्यात ते परत कुठे घालणार, लिस्बन, बुडापेस्टला सेकंडहँड कपड्यांची मोठमोठी दुकानं आहेत. आणि 'गोवा' म्हटल्यावर पोर्तुगालात कोणी गळ्यात पडेल ही अपेक्षा ठेवू नको, तरुणांना धड माहीतही नसतं.

हे सगळं मी धडधाकट माणसाला सांगतेय बरं का, दमा असेल तर डॉक्टरला विचारून जा. ग्रीसच्या बेटांवर आणि समुद्रकिनाऱ्याच्या पर्यटनाच्या गावांत हिवाळ्यात बरंचसं खरंच बंद असतं, एवढं भावजींचं बरोबर आहे. आणि तू मुलगा आहेस, मला अंधारात हॉस्टेलपर्यंत चालताना जे दहा वेळा मागे बघावं लागलं ते तुला लागणार नाही, मुलींनी हे उत्तर वाचत असाल तर स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतलंच हॉस्टेल घ्या.

बूट मात्र इथूनच घेऊन जा, वॉटरप्रूफ, एक नंबर मोठे म्हणजे जाड मोजे बसतात, आणि जायच्या आधी पंधरा दिवस ते घालून पणजीत फिर. स्मार्ट सिटीने खणून ठेवलेल्या रस्त्यांवर टिकले तर प्रागच्या दगडी रस्त्यांवर टिकतील. उकडेल, लोक बघून हसतील, हसू दे.