वीरपत्नी, वीरमाता की सैनिकमाता?

एका वाचकाने विचारलं आहे : "आमची आजी ९३ व्या वर्षी गेली. आजोबा सुभेदार, १९६५ आणि १९७१ ची दोन्ही युद्धं करून पेन्शनीला आले. पुढे माझे दोन्ही चुलते पलटणीत गेले आणि सुखरूप परतले. उत्तरकार्याच्या पत्रिकेत आम्ही 'वीरपत्नी, वीरमाता' लिहायला घेतलं, तर आत्या म्हणाली, हे शब्द आपल्यासाठी नाहीत. कोणाचं बरोबर?"

आत्याचं बरोबर आहे, आज हे शब्द हुतात्म्याच्या घरच्यांसाठी वापरतात. पण तुमचं चूक म्हणायलाही जीभ रेटत नाही.

कारण शब्दाच्या जुन्या अर्थात मरणाचा मागमूस नाही. अमरकोशात सरळ म्हटलंय, 'वीरपत्नी वीरभार्या वीरमाता तु वीरसूः'. वीराची बायको ती वीरपत्नी, वीराला जन्म देणारी ती वीरसू. तो रणात पडला की घरी आला, ही चौकशी कोशकार करत नाही. ऋग्वेदात सरस्वतीलाच वीरपत्नी म्हटलं आहे आणि विवाहसूक्तात नव्या नवरीला 'वीरसू हो' असा आशीर्वाद आहे. जिजाबाईंना आपण वीरमाता म्हणतो तेही शिवाजी महाराजांची आई म्हणूनच. जिजाबाईंचे थोरले चिरंजीव, म्हणजे महाराजांचे मोठे भाऊ संभाजीराजे, कनकगिरीला मारले गेले, म्हणजे आजच्या अर्थानेही त्या वीरमाताच. पण ते सहसा कोणाला आठवत नाही.

आजचा अर्थ मात्र आवळत गेला आहे. १५ ऑगस्टला 'वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांचा सत्कार' असं पुकारलं की उठून येतात ती हुतात्म्याच्या घरची माणसं. सैन्यातला 'वीर नारी' हा शब्दही त्याच अर्थाचा. शौर्यपदक मिळवलेल्या जवानाच्या आईला कोणी वीरमाता म्हटलं तर खटकत नाही, पण तो अपवाद. तुमची पत्रिका हातात पडल्यावर लांबचा पाहुणा पहिल्यांदा विचारेल, "कुठल्या लढाईत गेले?" शब्द मोठा आहे म्हणून नको असं नाही, तो वेगळीच बातमी देतो म्हणून नको.

आत्याच्या मनात काय असेल, याचा मी अंदाज करू शकतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून घरोघरची मुलं पलटणीत गेली. त्या काळी तारवाला आळीत शिरला की बायकांच्या छातीत धस्स व्हायचं. ज्या घरी तार आली, तिथली बाई वीरपत्नी झाली. जिच्या दारावरून तो पुढे गेला, तिला मराठीने वेगळा शब्द दिला नाही, आणि तुमच्या आजीची वाट पाहण्यातली कितीतरी वर्षं त्या बिननावाच्या जागेत गेली. तुम्ही लिहिलंय की तिला वाचता येत नव्हतं, पण आजोबांच्या काळ्या ट्रंकेवरचा पांढऱ्या रंगातला नंबर आणि 'मार्फत ५६ एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्ता तोंडपाठ होता. मला यापुढे कुठलंही विशेषण फिकं वाटतं.

बोलीत एक सोय आहे. पाटलीण, देशमुखीण तशी सुभेदारीण. आळीत तिला सुभेदारीणबाई म्हणत असतील तर तो शब्द पत्रिकेत जरूर घ्या. त्यात मान आहे आणि घरोबाही. मुलांच्या बाजूने 'सैनिकमाता' हा सरळ समास चालेल. 'माजी सैनिकपत्नी' मात्र लिहू नका, त्यात 'माजी' तिलाच चिकटतो. निवृत्त आजोबा झाले, ती नाही.

मी असं लिहीन : '१९६५ व १९७१ च्या युद्धांत लढलेल्या सुभेदारांच्या पत्नी आणि दोन सैनिकांच्या आई'. खाली जागा उरली तर तो ट्रंकेवरचा नंबरही छापा.