‘तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही’

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. माणसं येतात ती वेगळ्याच कारणानं. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात कुणाशी पटत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मग हळूच दुकानाचा विषय निघतो. ‘बिल करणारी मुलगी नीट बोलली नाही. गोष्ट क्षुल्लक आहे हो, मला कळतं. पण दिवसभर डोक्यातून जात नाही.’

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना आपण ताई म्हणू. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पासष्टी ओलांडलेल्या, बँकेतून निवृत्त, इंदिरानगरला मुलगा-सुनेसोबत राहणाऱ्या. वर्षभरात त्यांनी तीन सुपरमार्केट बदलली होती. शेवटच्या ठिकाणी तर रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं भांडण झालं. सून म्हणाली, ‘आई, तुम्ही आता घरबसल्या मागवत जा.’ हे त्यांना भांडणापेक्षा जास्त लागलं.

‘काय झालं होतं नेमकं?’

‘मी ट्रॉली लावली. तिनं बघितलंही नाही. नुसतं म्हणाली, नंबर? नमस्कार नाही, या म्हणणं नाही. मी काय कैदी आहे नंबर सांगायला?’

‘आणि तिनं बघितलं नाही, याचा अर्थ तुम्ही काय लावलात?’

‘अर्थ काय लावायचा? किंमतच नाही माणसाला.’

लहानपणी त्या रविवार कारंजावरच्या किराणा दुकानात वडिलांबरोबर जायच्या. दुकानदार वहीत मांडायचा आणि मांडता मांडता घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायचा. दुकान म्हणजे काय याचं त्यांचं माप तिथून आलेलं. ते माप चुकीचं नाही. पण त्या दुकानदाराला तुमच्या तीन पिढ्या माहीत होत्या. सुपरमार्केटमधल्या मुलीला तासाभरात कितीतरी अनोळखी माणसांचं सामान पुढे सरकवायचं असतं. हे मी ताईंना सांगितलं, त्यांना पटलंही. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. पटण्यानं राग जातो असं मी सुरुवातीच्या वर्षांत मानायचे, आता नाही मानत.

पुढच्या भेटीत मी दुकान बाजूला ठेवलं आणि बँकेबद्दल विचारलं. बरीच वर्षं त्या कॅश काऊंटरवर होत्या. बोलताना एकदम ताठ बसल्या.

‘नोव्हेंबर २०१६ ला तुम्ही काऊंटरवरच होतात?’

‘होते म्हणजे! पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या ना, रांग पार रस्त्यापर्यंत. पाणी प्यायला उठता येत नव्हतं.’

‘त्या रांगेतल्या कुणाचा चेहरा आठवतो?’

ताई थांबल्या. मी काहीच बोलले नाही. माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच, गप्प राहणं. मग त्या म्हणाल्या, ‘चेहरे नाही आठवत हो. हात आठवतात. खिडकीतून आत आलेले हात.’

‘वर बघत नव्हता?’

‘कसं बघणार? मोजताना मान वर केली की मोजणी चुकते. आणि कॅश शॉर्ट आली तर पदरचे भरायचे.’ एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. अंगठा आणि तर्जनी अजून नोट सरकवल्यासारखी हलत होती. ‘म्हणजे ती मुलगी मोजत होती,’ त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, ‘त्या लोकांनाही मी उर्मट वाटले असेन.’

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं असतं तर त्याचा काही उपयोग झाला नसता. ते त्यांच्या बोटांतून आलं. योग्य वेळी योग्य प्रश्न सुचला, याचं मला आजही समाधान वाटतं.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मानणारी आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. तिचं सार माझ्या मते एका क्रियापदात आहे. ‘तिनं हसून बोलावं’ ही इच्छा झाली. ‘तिनं हसून बोलायलाच हवं, नाहीतर माझा अपमान’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस जरा खट्टू होतो. हट्ट मोडला तर रात्रभर तळमळतो. काऊंटरवरची मुलगी दोन्ही वेळा तेवढंच बोललेली असते.

मग ग्राहकानं काहीच मागू नये का? जरूर मागावं. बिल अचूक हवं, छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त नको, सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट नको. मोबाइल नंबर सांगायलाच हवा असंही नाही. बिलासाठी त्याची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. सामान बाहेर काढतानाच शांतपणे ‘नंबर देत नाही’ म्हणावं. ती मुलगी तो मनानं विचारत नाही, तिला विचारायला सांगितलेलं असतं. कुणी खरोखर अपशब्द वापरला, तर बिल हातात घेऊन व्यवस्थापकाशी बोलावं. बिलात फसवणूक असेल आणि तिथे दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र नजर, हसू, आपुलकी यांची पावती मागता येत नाही.

काऊंटरच्या पलीकडची मुलंही माझ्याकडे येतात, म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते. पगारासाठी चेहऱ्यावर हसू धरून ठेवणं हेही काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम असं नाव दिलं. त्यात पायांचे श्रम वेगळेच. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्या, हे सांगायला केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. सातपूरहून येणारी एक मुलगी मला म्हणाली होती, ‘मॅडम, संध्याकाळी सातनंतर मला फक्त टाचा जाणवतात.’ तिला मी एवढंच सुचवलं, पहिली वस्तू हातात घेताना आणि बिल देताना एकदा समोर बघ. मधे नाही बघितलंस तरी चालेल.

ताईंना मी एक गृहपाठ दिला. त्याच दुकानात परत जायचं, त्याच काऊंटरवर. पहिला शब्द आपण बोलायचा आणि उत्तराची वाट बघायची नाही.

पंधरा दिवसांनी आल्या. ‘गेले होते. म्हटलं, सावकाश कर गं बाळा, मला घाई नाही.’

‘मग?’

‘नाही बघितलं तिनं वर. मान हलवली नुसती. बिल दिलं, मी निघाले. रात्री सूनबाईंनी विचारलं, आज कोण होतं काऊंटरवर? तेव्हा मला आठवलं, की अरे, आज ती होती.’