बापेडी वैद्य परम्यावर देतात ती सदाफुली आपलीच का? आणि ती साखरेसाठी घ्यावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतले बापेडी वैद्य परम्यावर (गनोरियावर) जी सदाफुली देतात ती आपल्या कुंडीतलीच का? आणि आईची साखर वाढली आहे, तर तिला रोज सकाळी उपाशीपोटी चार पानं चावायला दिली तर चालतील का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही.

मी फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवते. सदाफुलीचा प्रश्न मला सतत येतो, बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुढे करूनच.

झाड तेच, कॅथरॅन्थस रोझियस. मूळचं मादागास्करचं, म्हणजे आपल्याकडेही पाहुणं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतातही पाहुणंच. बापेडी लोक त्या प्रांतात, विशेषतः सेखुखुने भागात राहतात. तिथला वैद्य, म्हणजे न्गाका, सदाफुलीची मुळं उकळून काढा प्यायला देतो. परंपरा म्हटली की सगळं हजार वर्षांचं असणार असं आपण धरून चालतो. इथे तर बाहेरून आलेलं शोभेचं झाड वैद्यांनी पारखलं आणि आपल्या औषधांत घेतलं. मला हे फार आवडतं.

आता साखर. जमैकात सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. 1952 मध्ये तिथून काही पानं कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, साखरेवर काहीच फरक पडला नाही. मग शिरेतून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. तपासल्यावर दिसलं की त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी करणारी वस्तू रक्ताच्या कर्करोगात कामाला येईल, हे लक्षात आलं, आणि 1958 मध्ये नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन हे सदाफुलीतून काढलेलं औषध जगापुढे ठेवलं. पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. पेशी दुभंगताना आत जे बारीक धागे तयार व्हावे लागतात, ते ही औषधं होऊ देत नाहीत.

म्हणजे पानं चावली की केमोथेरपी झाली, असं मात्र नाही. पानांत हे घटक इतके अल्प असतात की ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पण सदाफुलीत इतरही शंभरावर अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतींतली रसायनं, आहेत. प्रॅक्टिकलला मुलं पानांच्या आम्लयुक्त अर्कात अल्कलॉइड्स ओळखणाऱ्या ड्रॅगनडॉर्फ द्रावणाचे दोन थेंब टाकतात आणि नळीत भगवा साका झर्रकन खाली बसतो. मुळांत अजमॅलिसिन नावाचं अल्कलॉइड असतं, सर्पगंधेतही असतं तेच, आणि ते रक्तदाबावर काम करतं. तुमच्या आईला बीपीची गोळी चालू असेल तर तेवढ्यावरूनच सावध व्हायला हवं. साखरेच्या गोळीबरोबर घेतलं तर साखर किती खाली जाईल याचाही भरवसा नाही, कारण पानागणिक घटकांचं प्रमाण बदलतं. काही प्रयोगांत प्राण्यांची साखर उतरलेली दिसली आहे, हेही खरं. पण आईसाठी मात्रा त्यावरून ठरत नाही. आणि गरोदर बाईने तर सदाफुली कुठल्याच रूपात पोटात घेऊ नये.

परम्याबद्दल तुम्ही सहज विचारलंय, पण ते महत्त्वाचं आहे. हा जंतूंचा आजार आहे आणि योग्य अँटिबायोटिकने बरा होतो. लिंपोपोतले लोक वैद्याकडे का जातात ते समजण्यासारखं आहे: वैद्य गावातला, ओळखीचा, आणि दवाखान्याच्या रांगेत नाव पुकारलं जाण्याची लाज नाही. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या ‘गुप्तरोग’ पाट्या याच लाजेवर चालतात. अडचण अशी की जळजळ आणि स्राव थांबला तरी जंतू आत राहू शकतात. बायकांना तर कितीदा काहीच त्रास जाणवत नाही, आणि तोवर गर्भनलिका खराब होऊन मूल होण्यात अडचण येते. जोडीदारालाही उपचार लागतात, नाहीतर आजार परत फिरून येतो. अंगावर काढू नका, सरकारी रुग्णालयात यासाठी तपासणी आणि औषधं मिळतात.

आईने पानं घ्यायला सुरुवात केलीच असेल तर आधी थांबवा. दरदरून घाम, थरथर, चक्कर असं काही झालं तर लगेच ग्लुकोमीटरने साखर बघा. सत्तरच्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना पानांचं सांगा, किती आणि किती दिवस तेही. ते रागावतील म्हणून लपवू नका.

कुंडी राहू द्या. फुलं छान येतात आणि शेळ्याही तोंड लावत नाहीत.