वॉटर्लूला जावं का? जा, पण आधी असई बघा

प्रश्न : नमस्कार ताई. मी भोकरदनचा, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर. लेक-जावई ब्रसेल्सला असतात, येत्या जूनमध्ये आम्ही दोघं तिकडं चाललोय. मला नेपोलियन हरला ते वॉटर्लू बघायचंय पण लेक म्हणते, बाबा तिथं एक टेकडी आन् वर सिंह, बाकी काय नाही, उगं दिवस जाईल. हिचे गुडघे दुखतात ते वेगळंच. जावं का?

उत्तर : गुरुजी, बिनधास्त जा. लेकीचं म्हणणं अर्धं खरंय. ती टेकडी लढाईच्या वेळची नाहीच, नंतर रचलेली, 1826 ला पूर्ण झाली. वर जायला 226 पायऱ्या, लिफ्ट नाही, तेव्हा काकूंना तिकडं नेऊच नका, शेजारच्या गोल इमारतीत 1912 चं पॅनोरमा चित्र आहे ते त्यांना निवांत बघू द्या. मला स्वतःला त्या टेकडीचा रागच येतो, कारण माती आणली कुठून, तर ज्या उंचवट्याआड इंग्रज सेनापती वेलिंग्टननं आपलं सैन्य लपवलं होतं तोच खरवडून! आणि हो, 18 जून 1815 ची लढाई वॉटर्लू गावात झाली नाही, ती चार-पाच किलोमीटर दक्षिणेला. गावात वेलिंग्टन उतरला होता ती खानावळ आहे, आता म्युझियम केलंय. ट्रेननं जाणार असाल तर ब्रेन-लालू स्टेशन बरं पडतं.

खरा वेळ द्या उगुमोंच्या शेतवाड्याला, लढाईत तो वेलिंग्टनच्या शिपायांनी धरून ठेवला होता. भिंती, मधी चौक, मोठा दरवाजा, आपल्याकडच्या गढीसारखंच सगळं. फ्रेंच शिपाई उत्तरेचा दरवाजा फोडून आत घुसले, आतल्यांनी खांद्यानं रेटून तो परत लावला, आत अडकलेले जवळजवळ सगळे मारले गेले. बागेच्या विटांच्या भिंतीत बंदुकीसाठी पाडलेली भोकं अजून दिसतात. छोटं चॅपल चुकवू नका, वाड्याला आग लागली तेव्हा आतल्या लाकडी येशूच्या पायापर्यंत ज्वाळा आल्या आणि तिथंच थांबल्या, ते जळके पाय बघायला मिळतात. ला ए सेंत नावाचा दुसरा वाडा खाजगी आहे, तो रस्त्यावरूनच बघायचा.

आता मला सांगा गुरुजी, असई बघितलीय का? तुमच्या भोकरदनच्या बाजूलाच आहे की! हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता वेलस्ली, 23 सप्टेंबर 1803 ला तिथं शिंदे-भोसल्यांशी लढला. वाटाडे म्हणाले केळना नदीला इथं पलीकडं जायला उतार नाही, पण ह्यानं पिंपळगाव आणि वरूड ही समोरासमोरच्या काठावरची दोन गावं बघितली आणि म्हणाला, येण्याजाण्याला उतार असणारच. होता! तिथून पलीकडं जाऊन केळना आणि जुई ह्या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात लढाई झाली. शिंद्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि पलटण पुढं गेल्यावर उठून पाठीमागनं तोफा डागल्या. लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, पण जेमतेम साडेचार हजारातले दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, आणि त्यात मद्रासी शिपाई लई होते हे विसरून चालणार नाही. म्हातारपणी कुणीतरी विचारलं तर वेलिंग्टननं आपली सगळ्यात भारी लढाई म्हणून वॉटर्लू नाही, असईचं नाव घेतलं.

तिथं सिंह नाही, तिकीट नाही, पण त्या दोन नद्या आणि समोरासमोरची गावं आहेत तशी आहेत, नदीकाठी उभं राहिलं की लढाई कशी वळली असेल ते समजतं, जे वॉटर्लूला त्या टेकडीपायी जमत नाही. म्हणून आधी असईला जा, दिवाळीनंतर, नाहीतर काळ्या मातीत चपला रुततील. वॉटर्लूला जाताना मात्र जून असला तरी जॅकेट घ्या, 1815 ला आदल्या रात्री इतका पाऊस झाला होता की नेपोलियनला चिखलापायी हल्ला उशिरा सुरू करावा लागला.