आधी आम्ल मोजून घ्या, दुर्बीण नंतर

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं पित्ताच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या टोकाची झडप घट्ट करून देतो म्हणतात, तर करून घ्यावी का आणि खर्च किती. शेवटी लिहिलंय, 'घरचे म्हणतात आधी तोंडावर ताबा ठेव.' ते वाचलं आणि लिहायला बसले.

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. माझा दादा अकरा वर्षं एकच म्हणत आला, 'जिभेचे चोचले पुरवतेस, मग घशाशी येणारच.' इंदुरात शेव कशावर पडत नाही? पण मी शेव सोडली, जिरावन सोडलं, सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं सोडलं, हिवाळ्यात गराडूला हात लावला नाही. सातला जेवायचे, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या होत्या. तरी रात्री दोनला आंबट पाणी घशात येऊन खोकत उठायचे. मी शाळेत शिकवते. सकाळी पहिल्या तासाला आवाजच नसायचा.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली आणि लगेच म्हणाले, पुढच्या गुरुवारी टीआयएफ करू, आगाऊ रक्कम भरा. यात दुर्बिणीबरोबर तोंडातून उपकरण घालून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती दुमडून पक्का करतात, बाहेरून चीर नाही. मी भरणारच होते. वहिनीने अडवलं. ती लॅबमध्ये काम करते. म्हणाली, 'आम्ल किती वर येतंय ते मोजलंय का कुणी?' कुणीच मोजलं नव्हतं.

दुसरीकडे गेलो. सात दिवस गोळ्या बंद, मग नाकातून बारीक नळी आणि कमरेला यंत्र, २४ तास. रोजचंच खा असं बजावलं होतं, म्हणून नळी नाकात असताना पोहे खाल्ले, वर मुद्दाम शेव घातली. आलेखात पोह्यांनंतर फारसं काही नव्हतं. रात्री आडवी झाल्यावर मात्र आम्ल येऊन बसलं ते हललंच नाही. अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा वेळ एकूण वेळाच्या ६ टक्क्यांच्या वर असला की आजार पक्का धरतात, ४ च्या आत असला तर नाही. माझा ११ आला. मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेचा दाब मोजतात त्या तपासणीत, अन्ननलिकेची ताकद चांगली निघाली, पण जठराचा साडेतीन सेंटिमीटर भाग छातीत सरकलेला दिसला. आधीच्या रिपोर्टात नुसतं 'लहान हर्निया' होतं. हर्निया २ सेंटिमीटरच्या वर असेल तर नुसती टीआयएफ करू नये, कारण झडपेला बाहेरून आवळून धरणारा छाती-पोटामधला पडदाच ढिला झालेला असतो. माझी शेवटी लॅप्रोस्कोपीने शस्त्रक्रिया झाली, हर्निया दुरुस्त करून अन्ननलिकेभोवती जठराची गुंडाळी. शल्यविशारद निसेन यांनी १९५६ साली मांडली त्याच जातीची. आता गोळी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आम्ल न मोजता कुणी तारीख देत असेल तर उठून या. हर्निया लहान, अन्ननलिकेला मोठ्या जखमा नाहीत आणि शस्त्रक्रिया नको असेल, तर टीआयएफचा विचार जरूर करा. स्ट्रेटा, म्हणजे झडपेला रेडिओलहरींची उष्णता देतात ती, मी घेणार नाही. तिचे निकाल एकसारखे येत नाहीत, अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही तिची शिफारस नाही. खर्चाचं म्हणाल तर लेखी अंदाजपत्रक मागा आणि उपकरणाचा आकडा वेगळा लिहून घ्या.

मी डॉक्टर नाही. गोळ्या विचारल्याशिवाय बंद करू नका. टीआयएफनंतरही काहींना काही वर्षांनी पुन्हा गोळी लागते. गुंडाळीनंतर मला पहिले काही आठवडे घास अडकायचा. गिळताना त्रास, वजन उतरणं, काळी शौच यांतलं काही असेल तर या चर्चेत वेळ घालवू नका. आणि छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासा.

घरच्यांसाठी पूर्ण आलेख मागून घ्या, निष्कर्षाचं एक पान पुरत नाही. मी दादासमोर तो पसरला, पोह्यांची वेळ दाखवली, रात्री दोनची दाखवली. तो म्हणाला, 'तरी शेव वाईटच.' अकरा वर्षं जे म्हणत होता ते चुकलं एवढं त्याने अजून कबूल केलेलं नाही. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचंय.