दिवाळीला दातांच्या वस्तू द्याव्या का? तुमचे प्रश्न, डेंटिस्टताईंची उत्तरं

दिवाळी जवळ आली की या कॉलमकडे येणारे प्रश्न बदलतात, दाढ ठणकतेय वगैरे मागे पडतं आणि "यांच्यासाठी काय घेऊ" सुरू होतं. मला हे प्रश्न मनापासून आवडतात. कुणीतरी घरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघितलंय, असा त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, संधिवातामुळे बोटं वळत नाहीत, ब्रश हातातून निसटतो आणि हल्ली हिरड्यांतून रक्तही येतं. बाबांना वर-खाली पूर्ण कवळी आहे. दरवर्षी ड्रायफ्रूटचा डबा देतो, यंदा म्हटलं इलेक्ट्रिक ब्रश आणि ते पाण्याच्या धारेचं मशीन घेऊ, तर नणंद म्हणते सणाला असलं कुणी देतं का, त्यांना वाटेल तोंडाला वास येतो म्हणून दिलंय. काय करू? — एक सून

उत्तर : द्या, नक्की द्या. पण नणंदबाईंचं म्हणणंही उडवून लावू नका, साडी किंवा मिठाई जे नेहमीचं आहे ते असू दे आणि हे त्याच्या जोडीला द्या, आणि देताना दातांचं नाव न काढता हाताचं काढा, "आई, बोटं दुखतात ना, याला घासावंच लागत नाही" एवढं म्हटलं तरी पुरे.

आणि ते खरंही आहे. इलेक्ट्रिक ब्रशची मूठ जाड असते, हलवायचं काम तो करतो, आपण फक्त एकेका दातावर हिरडीच्या कडेला टेकवून दोन-तीन सेकंद धरायचा आणि पुढे सरकायचं. साध्या ब्रशसारखं घासत बसलं तर उलट हिरडी सोलते, म्हणून जोरात दाबलं की दिवा लागतो किंवा मोटर मंद होते असं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. दोन मिनिटांचा टायमर बहुतेकांत असतोच. फायदा होतो का, तर २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, त्यात तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. जादू नाही, पण ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. गोल फिरणारा की थरथरणारा यात डोकं घालू नका, त्याचं डोकं म्हणजे रिफिल आपल्याकडे सहज मिळतं का ते आधी बघा आणि एक पाकीट सोबतच द्या, कारण ते दर तीन महिन्यांनी बदलावं लागतं आणि रिफिल मिळालं नाही की मशीन कपाटात जातं. आईंना पेसमेकर असेल तर मात्र घेण्याआधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, चार्जरमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं.

बजेट नसेल तर मऊ साध्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबरी ग्रिप चढवा, पकड येते, खर्च जवळपास नाहीच.

पाण्याच्या धारेचं मशीन म्हणजे वॉटर फ्लॉसर, १९६२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत एका डेंटिस्टने आणि एका इंजिनियरने मिळून बनवलं होतं. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा दात सरळ करायच्या तारा असतील तर ते छान चालतं, अडकलेलं अन्न निघतं, पण दाताला चिकटलेला थर फक्त धारेने पूर्ण जात नाही, त्यामुळे ब्रशच्या ऐवजी नाही, ब्रशनंतर. आईंना यंदा ब्रशच द्या, दोन-दोन मशीनं एकदम दिली तर एकही वापरलं जाणार नाही. पुढे कधी घेतलंत तर सगळ्यात कमी प्रेशरवर सुरू करा, कोमट पाणी घाला, बोरिंगचं पाणी घालू नका, क्षार साचतात.

रक्त येतंय म्हणून मात्र भेटवस्तूवर थांबू नका, आधी दाखवून या, हिरडीखाली दगडासारखा टार्टर असेल तर तो कुठल्याच ब्रशने निघत नाही, साफ करूनच घ्यावा लागतो, आणि शुगर एकदा तपासा, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. खासगी क्लिनिक महाग वाटत असेल तर इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहेच.

बाबांसाठी कवळीचा वेगळा ब्रश, झाकणाचा डबा आणि भिजवायच्या गोळ्या, एवढं एका छान बॉक्समध्ये बांधून द्या. बरीच मंडळी कवळी टूथपेस्टने घासतात, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि त्यातच घाण बसते, हात धुवायचा सौम्य साबण चालतो. गरम पाणी नको, वाकते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून पडली तरी फुटत नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांनाही आराम हवा असतो. गोळी कवळी तोंडात असताना कधीच वापरायची नाही हे बाबांना दोनदा सांगा.

प्रश्न : बायकोचं बालपण झाबुआकडे गेलं, पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. पाडव्याला व्हाइटनिंग किट देऊन सरप्राइज द्यायचा विचार आहे. कुठलं चांगलं? — एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : दादा, हे सरप्राइज देऊ नका. झाबुआ, धार या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नसावं अशी आपल्याकडे मर्यादा आहे, आणि लहानपणी, साधारण आठ वर्षांपर्यंत, कायमचे दात आतमध्ये बनत असताना असं पाणी पोटात गेलं की डाग दाताच्या आवरणातच तयार होतात. म्हणजे तो मळ नाही, वहिनींचा आळस तर मुळीच नाही. वरून पावडर, कोळशाची पेस्ट, किट, काहीही लावलं तरी आतला रंग जात नाही, कोळशाने मात्र आवरण झिजतं आणि मग थंड-गरम लागतं.

डेंटिस्टकडे उपाय आहेत, वरचा अगदी पातळ थर घासून काढणं, ब्लीचिंग, डाग खोल असतील तर व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ आवरण. पण हे त्यांना करावंसं वाटत असेल तर. तुम्ही आधी विचारा, त्या म्हणाल्या हो मला करायचंय, तर त्याचा खर्च ही पाडव्याची ओवाळणी होऊ दे, आणि नाही म्हणाल्या तर विषय सोडा. दात दिसायला डागाळलेले असले तरी नीट घट्ट असू शकतात.

प्रश्न : भावाला नुकत्याच तारा लावल्यात, दहावीत आहे. भाऊबीजेला काय देऊ? — ताई, वैशाली नगर

उत्तर : मधोमध खाच असलेला ऑर्थो ब्रश, तारेखालून घालायचे छोटे इंटरडेंटल ब्रश, टोचलं तर लावायचं मेण, छोटा आरसा आणि शाळेत न्यायला पाऊच. दवा बाजारात एका चकरेत सगळं मिळावं. छोट्या ब्रशचा साइज त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, बळजबरीने घुसवला तर तार हलते. आणि खरं सांगू, त्याच्यासाठी वेगळा मऊ फराळ ठेवलात तर ती सगळ्यात मोठी भेट होईल, कडक चकली, चिक्की, बदाम, कडक लाडू यांनी दाताला चिकटवलेले, तार धरणारे ब्रॅकेट निघतात, आणि दिवाळीत डॉक्टर सुट्टीवर असतात. पोहे-जलेबी, करंजी छोटे तुकडे करून चालेल, पण जलेबीनंतर चूळ भरायचीच.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा, पुण्यात असतो. कार्टूनचा ब्रश आणि गोड पेस्ट पाठवू का? — आजी, रामबाग

उत्तर : ब्रश जरूर पाठवा आजी, छोट्या डोक्याचा, एकदम मऊ. पेस्ट घेताना कार्टून नाही, मागचा आकडा बघा, फ्लोराइड १००० पीपीएमच्या जवळ हवं, काही मुलांच्या पेस्टमध्ये अगदीच कमी असतं किंवा नसतंच. मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची, तीन वर्षांनंतर मटाराएवढी, आणि पेस्टची ट्यूब मुलाच्या हाती द्यायची नाही. घासायचं काम सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच करायचं, सुनेला ते माहीत असेल, तरी फोनवर प्रेमाने विचारा की रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपतो का. झोपत असेल तर दुधाच्या दातांना कीड तिथूनच लागते, बाटली झोपायच्या आधी संपवून मग ब्रश करायला सांगा.