हायेकचं 'मृगजळ' आणि आपला सामाजिक न्याय

प्रश्न असा आलाय: अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक 'सामाजिक न्याय' या शब्दालाच मृगजळ म्हणतो, मग अभिजात उदारमतवाद्यांना (म्हणजे मुक्त बाजार आणि मर्यादित सरकार मानणाऱ्यांना) गरिबांसाठी न्याय नकोच होता का?

अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲडम स्मिथपासून पाहू. तो नुसतं 'न्याय' म्हणतो. १७५९च्या पुस्तकात हा न्याय बराचसा निषेधात्मक आहे: दुसऱ्याला इजा करू नका, झालं. स्वस्थ बसूनही तो पाळता येतो. एवढंच वाचलं तर माणूस कोरडा वाटतो. पण १७७६ मध्ये तोच इंग्लंडच्या रहिवासाच्या कायद्यांवर, म्हणजे गरिबाने कुठल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या गावभागात) राहावं हे ठरवणाऱ्या कायद्यांवर, तुटून पडतो. काही गुन्हा नसताना गरिबाला त्याने निवडलेल्या पॅरिशमधून हाकलणं म्हणजे त्याच्या मते स्वातंत्र्य आणि न्याय दोन्हींची उघड पायमल्ली. सगळ्यांच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्यासाठी राबणाऱ्यांना स्वतःलाही ते बऱ्यापैकी मिळावं, हे तो रास्तच मानतो.

'सामाजिक न्याय' हा जोडशब्द १८४०च्या दशकात लुइजी तापारेल्ली या इटालियन जेझुइटाच्या (एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूच्या) लिखाणातून पुढे आला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये तो वाटपाच्या न्यायाशी, म्हणजे कुणाच्या वाट्याला किती यावं या प्रश्नाशी, जोडला, आणि हायेकची तक्रार नेमकी या जोडणीवर आहे. न्याय-अन्याय म्हटलं की कुणीतरी कर्ता हवा. बाजारात कुणाला किती मिळावं हे कुणी एकाने ठरवलेलं नसतं. पाऊस पडला नाही म्हणून ढगावर फिर्याद करता येत नाही, तसंच हे. १९७६च्या ग्रंथाच्या नावातच त्याने हे मृगजळ घातलं. (बाजाराबाहेर किमान उत्पन्नाची हमी त्याला चालत होती, त्याचे चाहते हे सोयीस्कर विसरतात.) मला युक्तिवाद अर्धाच पटतो. जमिनीची मालकी, वारसा, करार यांचे कायदे आभाळातून पडत नाहीत, ते कुणीतरी केलेले असतात.

मराठीत मात्र शब्दाचं वजन वेगळ्या जागी पडतं. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्यांची जयंती, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते. इथे रोख जन्मावरून लादलेल्या दर्जावर आहे. पाणवठा अडवणाऱ्याला नाव-गाव असतं, म्हणजे हायेकला हवा तो कर्ता इथे हजर आहे. सगळ्यांना एकच नियम, या त्याच्या मोजपट्टीनेही अस्पृश्यता अन्यायच ठरते. राखीव जागा मात्र त्या पट्टीत बसत नाहीत, कारण ती पट्टी पूर्वी झालेल्या अन्यायाचा हिशेब विचारतच नाही.

मराठीत 'सामाजिक न्याय' म्हटलं की आधी जातीचा अन्याय आठवतो, हायेकचा रोख मात्र वाटपावर आहे. म्हणून हायेकवर मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखाला 'वाटपाचा सामाजिक न्याय' असं लिहावं.